रिव्हेट मोजा, मग घराचं बघू

मंडळी नमस्कार, मागपर्यंत आवाज येतोय ना? बरं. बसचं घर केलंय म्हटलं की लोक पहिलं विचारतात बेड कुठे, किचन कुठे, आणि मी दरवेळी म्हणते ते राहू द्या, आधी टॉर्च घ्या, जमिनीवर आडवे व्हा आणि बसच्या पोटाखाली बघा. मी आणि माझ्या भावाने जी बस घेतली ती 1974 ची, अमेरिकेतली नेहमीची पिवळी स्कूल बस, पुढे नाक असलेली, पेट्रोल इंजिनवाली. वरून छान दिसत होती. खालून चेसिस ठीक होती, पण फ्लोअरचा पत्रा दोन ठिकाणी बोटाने ढकलला तर आत जायचा. आणि हे आम्ही पैसे दिल्यानंतर बघितलं.

आता या बसेस अशा का आहेत हे थोडं सांगते, कारण ते कळल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. 1939 मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकांनी सात दिवसांची परिषद भरवली. त्याआधी मुलं वाटेल त्या गाडीतून शाळेत जायची, सायरना तर कॅन्ससमध्ये घोडे जुंपलेल्या गव्हाच्या गाडीतून जाणारी मुलं दिसली होती. त्या परिषदेत 44 स्टँडर्ड्स ठरली, आणि तो पिवळा रंगसुद्धा तिथलाच, कारण पहाटेच्या अंधुक उजेडात पिवळ्यावर काळी अक्षरं सगळ्यात चटकन दिसतात. रंगाचं नाव तेव्हा नॅशनल स्कूल बस क्रोम, आणि ते क्रोम म्हणजे लेड क्रोमेट, म्हणजे शिसं. म्हणून जुन्या बसचा रंग घासायला घेताना साधा कापडी मास्क लावून चालत नाही, नीट रेस्पिरेटर पाहिजे, कपडे वेगळे पाहिजेत, आणि लहान मुलं आसपास नकोत. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ड्रममधली धूळ कंप्रेसरने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

दुसरी तारीख लक्षात ठेवा, 1 एप्रिल 1977. त्या दिवसापासून अमेरिकेत स्कूल बससाठी नवे नियम लागू झाले. छतावर रिकाम्या बसच्या दीडपट वजनाचा दाब दिला तरी ते 5⅛ इंचापेक्षा जास्त दबता कामा नये, पत्र्यांचे जोड मूळ पत्र्याच्या निदान 60 टक्के ताकदीचे हवेत, आणि सीटच्या पाठी उंच आणि गादीच्या. त्यामुळे 77 नंतरच्या बसला रिव्हेटच रिव्हेट दिसतात, म्हणजे पत्रे एकमेकांना जोडणारे ते धातूचे खिळे, आणि आमच्यासारख्या आधीच्या बसला कमी, विरळ. जुनी बस घ्यायची तर जरूर घ्या, मला तिचा गोल कपाळाचा चेहरा अजून आवडतो, पण तिचे जोड आधीच कमी आहेत हे धरून चाला आणि होता होईल तो एकही कापू नका. बाहेर त्या काळ्या आडव्या पट्ट्या असतात ना, त्या शोभेच्या नाहीत, एक फ्लोअरच्या लेव्हलला, एक सीटच्या लेव्हलला, बाजूने धडक बसली तर त्या मार खातात आणि बाहेरून मदत करणाऱ्याला मुलं कुठल्या उंचीवर बसलीत हे कळतं. आम्हाला एकाने सांगितलं होतं त्या काढून टाका, गुळगुळीत दिसेल. नाही काढल्या.

मोडतोडीचं काम सगळ्यात जास्त वेळ खातं. सीटचे बोल्ट फ्लोअरमधून खाली जातात, नट खाली गंजून एकजीव झालेला, एकाने वर धरायचं दुसऱ्याने खाली झोपून फिरवायचं, तीन बोल्ट निघाले की चौथा नुसताच गोल फिरतो. शेवटी ग्राइंडरने डोकी उडवली. मग रबर मॅट, त्याखाली प्लायवूड, आणि त्याखाली तो पत्रा ज्याच्यावर वर्षानुवर्षं मुलांच्या बुटांबरोबर आलेला बर्फ वितळून मुरलेला. मीठसुद्धा, कारण तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. प्लायवूड तसंच ठेवून वर नवीन फ्लोअर टाकायचा मोह होतो, प्लीज टाकू नका, गंज खालून चालूच राहतो. आम्ही सगळं उघडं केलं, वायर ब्रश, फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, सडलेल्या जागी कापून नवा पत्रा वेल्ड, मग प्रायमर. बोल्टच्या भोकांवर बरेच लोक पेनी नाणी सीलंटने चिकटवतात, जुनी नाणी तांब्याची असतात, आणि तांबं आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आलं की लोखंडच सडतं, म्हणून आम्ही स्टीलच्या चकत्या वेल्ड केल्या. त्याला चार वीकेंड जास्त गेले, पण मला त्याचं काही वाटत नाही.

छत उंच करायचं का हा पुढचा प्रश्न. आत साधारण सहा फूट उंची, त्यातून फ्लोअर आणि छताचं इन्सुलेशन गेलं की उंच माणसाचं डोकं लागतं हे खरं. पण छत उंच करायचं म्हणजे एका बाजूच्या फ्लोअरपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सलग गेलेल्या त्या बरगड्या मध्येच कापायच्या. उत्तम वेल्डर असेल तर होतं, मी चांगली झालेली पाहिली आहेत, पण 77 आधीच्या बसवर मी करणार नाही. आम्ही वरचं इन्सुलेशन क्लोज्ड सेल स्प्रे फोमचं केलं, इंचाला आर 6 ते 7 मिळतो, आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, आणि पत्र्याला चिकटून बसतो, म्हणजे आतली दमट हवा थंड पत्र्यापर्यंत पोचतच नाही. फायबरग्लास मागे कोंबला तर श्वासाची, स्वयंपाकाची वाफ तिथे जाऊन पाणी होते आणि दिसत नाही, वास आल्यावर कळतं.

वजनाबद्दल मला जास्त बोलायचंय. स्कूल बसचं वजन ठरवताना दर मुलामागे 120 पौंड धरतात, 66 मुलं म्हटली तर 7,920 पौंड, म्हणजे साडेतीन टनाच्या वर. ऐकून वाटतं भरपूर आहे. पण मुलं दोन्ही बाजूंना सारखी बसतात, घर तसं बसत नाही. आमच्या पहिल्या प्लॅनमध्ये किचन डावीकडे, पाण्याची टाकी डावीकडे, बॅटऱ्यापण डावीकडे, कारण पाइप आणि वायर कमी लागत होत्या. शंभर गॅलन पाणी म्हणजे एकटंच 834 पौंड. ट्रकच्या काट्यावर नेऊन दोन्ही बाजू वेगळ्या तोलल्या तेव्हा कळलं, आणि टाकी उचलून मागच्या ॲक्सलच्या पुढे, मधोमध घेतली. टायरचं पण सांगून ठेवते, टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, खाच चांगली दिसली तरी तो वाचा. आणि जुन्या बसला स्प्लिट रिम, म्हणजे तुकड्यांची रिम असेल तर स्वतः हात लावू नका, हवा भरताना कडी सुटली तर माणूस जातो, ते काम लोखंडी पिंजऱ्यात ठेवून करतात.

इलेक्ट्रिक आणि गॅसचं थोडक्यात. घरातली एकसंध तांब्याची वायर वापरू नका, हादऱ्यांनी तुटते, बारीक तारांची घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य डिग्रीखाली चार्ज केली की खराब होते, म्हणून ती घरात, उबेत. प्रोपेन हवेपेक्षा जड, त्यामुळे डिटेक्टर खाली लावायचा आणि सिलेंडरच्या कप्प्याला भोक तळाशी. नोंदणीच्या कागदांचं अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याचं वेगळं आहे, पण लाल दिवे, बाजूला उघडणारा स्टॉपच्या पाटीचा हात आणि स्कूल बस ही अक्षरं जायलाच पाहिजेत, बऱ्याच ठिकाणी पिवळा रंगसुद्धा.

मागचं इमर्जन्सी दार, हे शेवटचं. सगळे बेड तिथेच करतात, आम्हीपण केला. काम संपल्यावर एका रात्री भाऊ म्हणाला दिवे बंद कर आणि झोपल्या जागेवरून बाहेर पड. मी उठले, हँडल सापडलं, वर उचललं आणि ते अर्ध्यात अडकलं, गादीखालच्या ड्रॉवरची कड मध्ये येत होती, दीड इंचाने. सगळ्यात सुंदर झालेला तो ड्रॉवर होता, अक्रोडाच्या लाकडाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी काढला, आता तिथे नुसती मोकळी जागा आहे आणि हँडल पूर्ण वर जातं. चला, बस बाहेर उभी आहे, चप्पल काढू नका, सरळ आत या, आणि आधी मागचं दार उघडून बघा.