ॲल्युमिनियमचं एचिंग: काट्यावरचा हिशेब

(रबाळे एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये तरुण कारखानदार आणि आयटीआयच्या मुलांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

दोन पट्ट्या फिरवतोय, बघून पुढे द्या. दोन्ही 6063 या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, एकाच लांबीतून कापलेल्या. एक चकचकीत आहे, डायच्या रेघा अजून दिसतात. दुसरी कॉस्टिक सोड्याच्या टाकीतून काढलेली, दुधी. जॉब देणाऱ्या बहुतेकांना ही दुसरी पट्टी ‘धुतलेली’ वाटते. मला आज या एका गैरसमजाबद्दल बोलायचंय. एचिंगमध्ये, म्हणजे कॉस्टिकमध्ये बुडवून पृष्ठभाग असा दुधी करण्यात, धातू खाल्ला जातो. जॉब टाकीत जातो त्यापेक्षा बारीक होऊन बाहेर येतो.

ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा थर चढतो, जेमतेम काही नॅनोमीटरचा. एवढ्याशा पापुद्र्यावर आपल्या खिडक्या आणि पातेली टिकून असतात. कॉस्टिक सोडा तो पापुद्रा विरघळवतो आणि खालचा धातू उघडा पाडतो. मग सोडियम ॲल्युमिनेट तयार होतं, हायड्रोजन सुटतो. लिटरला 50 ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक आणि 55 ते 60 अंश तापमान, अशी टाकी वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत कुठेही दिसेल. तिच्यात 1 किलो ॲल्युमिनियम विरघळलं, की जवळपास दीड किलो कॉस्टिक खर्ची पडतो आणि 1200 लिटरहून जास्त हायड्रोजन बाहेर पडतो. बुडबुडे फुटताना कॉस्टिकचे बारीक तुषारही उडतात, घशाला ठसका लागतो तो त्यांचाच. एक्झॉस्ट बंद ठेवून टाकीशेजारी वेल्डिंग करणारे मी पाहिलेत. हात जोडून सांगतो, असं करू नका.

आता माझी चूक सांगतो. 6061 चे लहान हाउसिंग होते, प्रत्येकात एम-6 चे, म्हणजे 6 मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूचे, चार आटे. मशिनिंगचे डाग जात नव्हते, तेव्हा मीच ऑपरेटरला म्हणालो, “राहू दे अजून पाच मिनिटं.” जॉब देखणे निघाले. दुसऱ्या दिवशी तपासणीत, आटे सैल झालेत का ते दाखवणारा नो-गो गेज आट्यात सरळ आत गेला. तो आवाज नसलेला क्षण मला अजून आठवतो. गेज अडायला हवा होता आणि अडला नाही. सगळा लॉट भंगारात गेला, पैसे मी भरले.

कारण साधं होतं, मीच मोजलं नव्हतं. 60 अंशांच्या आट्याच्या प्रत्येक बाजूवरून जेवढे मायक्रॉन जातात, त्याच्या चौपट पिच व्यास, म्हणजे आट्याच्या मधल्या उंचीवरचा व्यास, वाढतो. म्हणजे 18 मायक्रॉन गेले तर पिच व्यास 72 मायक्रॉनने वाढला. एम-6 च्या नटाकडच्या आट्याला 6एच या सर्वसाधारण बसणीत पिच व्यासाला एकूण 150 मायक्रॉनची मुभा असते. त्यातली निम्मी तुम्ही टाकीत ओतलीत, आटे पाडणाऱ्या टॅपच्या झिजेसाठी उरलं काय? म्हणून आटे सिलिकॉनच्या बुचांनी बंद करा, नाहीतर एचिंगनंतर मारा.

मोजायची रीत शाळेतल्या गणिताची आहे. 100 बाय 100 मिलिमीटरचा पत्रा घ्या, दोन्ही बाजू मिळून 200 चौरस सेंटिमीटर. वजन करा, टाकीत बुडवा, काजळी काढा, वाळवा, पुन्हा वजन करा. 1 ग्रॅम घटलं तर भागिले 2.7, ही ॲल्युमिनियमची घनता, भागिले 200. उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं, ते झाले दर बाजूला साडेअठरा मायक्रॉन. किती मिनिटं बुडवला होता त्याने भागा, तुमच्या टाकीचा वेग हातात आला. हा वेग कायम राहत नाही. तापमान बदलतं, कॉस्टिक खर्च होतो, बाथमध्ये, म्हणजे टाकीतल्या द्रावणात, ॲल्युमिनियम साठत जातं. म्हणून दर पाळीला पत्रा बुडवा. मिश्रधातू बदलला तर नव्याने बुडवा, कारण 2024 आणि 6063 हे मिश्रधातू एका चालीने चालत नाहीत.

मघाशी काजळी म्हणालो. तांबं, लोखंड, सिलिकॉन कॉस्टिकमध्ये सहज विरघळत नाही, काळं होऊन जॉबवर बसतं. 2024 मध्ये तांबं चार टक्क्यांच्या आसपास, तो तर कोळशासारखा निघतो. नायट्रिक ॲसिडमध्ये ती काजळी जाते. सिलिकॉनवाल्या कास्टिंगला त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड घालतात, पण ज्याच्याकडे त्याच्या भाजण्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आणि शिकलेला माणूस नाही, त्याने ते काम घेऊच नये. पैसा कितीही मिळो.

जुन्या बाथची आणखी एक खोड आहे. ॲल्युमिनियम जास्त झालं, की हायड्रॉक्साइड खाली बसतं आणि हीटरच्या कॉइलवर दगडासारखं जमतं, छिन्नीनेही सुटत नाही. सोडियम ग्लुकोनेट घातलं तर ॲल्युमिनियम बराच काळ विरघळलेलं राहतं. बाथ टाकून द्यायची वेळ आली तर मात्र गटार दाखवू नका. उदासीन केलं की जेलीसारखा गाळ बसतो, तो फिल्टर प्रेसमधून काढायचा आणि पाणी सामूहिक सांडपाणी केंद्राकडे द्यायचं. ठाण्याची खाडी इथून फार लांब नाही.

मागच्या टेबलावर शतांश ग्रॅम दाखवणारा काटा ठेवलाय. प्रत्येकाने एक पत्रा घ्या, कोपऱ्यात आपला नंबर ठोका आणि वजन वहीत लिहा. बाथ तापायला लावलाय. चहा झाला की सगळे मिळून बुडवू.