चिमणाबाई पहिल्या: बडोद्याच्या राणीसाहेबांचं पोर्ट्रेट

1881 साल, बडोद्यात सगळी धावपळ चाललीय कारण डिसेंबरमध्ये सयाजीराव महाराजांच्या हाती राज्यकारभार येणार. दिवाण आहेत सर टी. माधवराव, तंजावरकडचे मराठी माणूस, आधी त्रावणकोरचे दिवाण होते, त्यामुळे तिकडच्या राजा रविवर्म्यांचं काम त्यांना चांगलं ठाऊक. त्यांनी रविवर्म्यांना बडोद्याला बोलावून घेतलं. धाकटे भाऊ राजा राजवर्माही सोबत आले, आणि मग गायकवाड घराण्याची पोर्ट्रेट्स सुरू झाली.

राणीसाहेब पण तंजावरच्याच! माहेरचं नाव लक्ष्मीबाई, 1880 ला लग्न होऊन आल्या आणि चिमणाबाई झाल्या. त्यांच्यासोबत तिकडच्या नाचणाऱ्या कलावंतिणी आणि वादकही आले, म्हणजे आज ज्याला भरतनाट्यम म्हणतो ते बडोद्याच्या दरबारात राणीसाहेबांच्या लग्नामुळे पोचलं.

आता रविवर्म्यांची खरी कमाल बघायची तर थेट चेहऱ्यावर जाऊ नका, आधी दागिने बघा. लांबून एकेक मोती सुटा दिसतो, गोल, वजनदार, आणि नाकाजवळ नेऊन पाहिलं तर काय, करड्या रंगावर पांढऱ्याचा एक ठिपका, बस. जरीच्या काठाचंही तेच, सोनं कुठेच नाही, नुसता पिवळा आणि तपकिरी ऑइल कलर. आणि ही फॅमिली कुठली, तर जिथे खंडेराव महाराजांनी अख्खा गालिचाच मोत्यांचा करवून घेतला होता, इथे खोटा मोती लगेच पकडला गेला असता हो.

त्या काळी राण्या पडद्यात. शहरातल्या साध्या माणसाला राणीसाहेबांचा चेहरा दिसायचा प्रश्नच नव्हता. आज राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फतेसिंग म्युझियममध्ये तिकीट काढून कुणीही समोर उभं राहू शकतं.

पण चिमणाबाईंना आयुष्य फार थोडं मिळालं. 1885 मध्ये त्या गेल्या, क्षयाने. त्याच वर्षी महाराजांचं दुसरं लग्न झालं, देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाईंशी, आणि त्यांचंही नाव ठेवलं चिमणाबाई! घोळ इथूनच सुरू होतो. पुढे पडदा सोडणाऱ्या, 1927 ला पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचं अध्यक्षपद भूषवणाऱ्या त्या ह्या दुसऱ्या. त्या खूप जगल्या, खूप बोलल्या, लिहिलंही, त्यामुळे चिमणाबाई म्हटलं की लोकांना त्याच आठवतात.

पहिल्यांच्या वाट्याला आल्या त्या इमारती. सुरसागरजवळचं न्यायमंदिर आणि रावपुऱ्यातला टॉवर, दोन्ही 1896 चे, दोन्ही त्यांच्या नावाचे. टॉवर तर शहरातल्या लोकांनी आणि संस्थानातल्या नोकरदारांनी मिळून उभा केला. रिक्षावाल्याला चिमणाबाई घंटाघर म्हणालात तर तो क्षणभर विचार करेल, नुसतं रावपुरा टॉवर म्हणा, बरोबर नेऊन सोडतो.