रिकामा न राहिलेला खिळा

श्रोतेहो, सलाम.

३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना तुमच्याकडेही होत असेल. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बारा वाजून गेले, हस्तांदोलनं झाली, की बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्यांचं ताट फिरतं. ज्याने त्याने एक उचलायची. वर्षभर तेच आपलं वचन. एका वर्षी माझ्या पुढच्या बाकावरच्या मावशींनी चिठ्ठी उलगडली, वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. इकडेतिकडे बघत त्यांनी ती पुन्हा घडी करून ताटात सरकवली, दुसरी उचलली. मला हसू आलं. मग ताट माझ्याकडे आलं. निघालं योहान १६:३३, 'जगात तुम्हाला क्लेश होतील, तरी धीर धरा.' 'क्लेश' हा शब्द दिसला मात्र, माझाही हात ताटाकडे वळला! पुढे 'धीर धरा' लिहिलंय, ते वाचायलासुद्धा थांबलो नाही.

दारावरची लिंबू-मिरची आपण ख्रिस्ती लोकांनी काढली त्याला पिढ्या झाल्या. पण तो खिळा रिकामा राहिला का? तान्ह्या बाळाच्या उशाखाली बायबल असतं, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेलं. बाळ किरकिरलं की मीठ-मोहरी ओवाळली जातेच, फक्त हळूच 'येशूच्या नावात' म्हणायचं. 'अकरा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल' हा मेसेज तर मीही पुढे ढकललाय. आणि दारावर, त्याच खिळ्याला, फ्रेम केलेलं ९१वं स्तोत्र, देव संकटात राखतो असं सांगणारं.

हे स्तोत्र मला फार प्रिय आहे. आजारपणात रात्र रात्र म्हटलंय. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, ते कोणाच्या तोंडी येतं, आठवतं? सैतानाच्या. येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून तो म्हणतो, मार उडी, देवदूत तुला झेलतील असं लिहिलंच आहे. वचन शास्त्रातलंच, चूक काढायला जागा नाही. तरी येशूने उडी मारली नाही. देवाची परीक्षा पाहू नको असंही लिहिलंय, एवढंच म्हणाला. पित्यावर भरवसा होता, मग झेलून दाखव म्हणायचं कशाला? पुढे वधस्तंभाखाली लोकांनी हेच हिणवलं, की देवावर भरवसा ठेवतो ना, सोडवू दे त्याला. तिथेही कोणी झेलायला आलं नाही. आणि तिथूनच तो म्हणाला, बापा, माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो.

वस्तू देवाने दिलेली असली तरी तिचा ताईत व्हायला वेळ लागत नाही. मोशेने देवाच्याच सांगण्यावरून पितळी सर्प केला होता, साप चावलेल्यांनी त्याच्याकडे बघून वाचावं म्हणून. पुढे लोक त्यालाच धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. बायबलमधलं २ राजे, अध्याय १८. घरी जरूर वाचा.

माझी चिठ्ठी मी शेवटी ठेवून घेतली. त्या वर्षी वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पावसात स्वयंपाकघर दोनदा गळलं, बाकी नेहमीसारखंच. मावशींना दुसऱ्या चिठ्ठीत काय निघालं, ते मात्र विचारायचा धीर अजून झालेला नाही.