गेमला तार, प्रिंटरला पत्ता

नमस्कार श्रोतेहो. आज घरातल्या नेटवर्कबद्दल बोलायचं आहे. घरोघरी दोन भांडणं ऐकू येतात. पोरांची गेम मध्येच अडकते आणि प्रिंटर ऐन घाईत ‘ऑफलाइन’ दाखवतो. राउटर तुमच्याकडे आहेच, तो कसा चालू करायचा हे सांगत नाही. दोनच गोष्टी लक्षात ठेवा. गेमला तार, प्रिंटरला कायमचा पत्ता. पुन्हा सांगते, गेमला तार, प्रिंटरला कायमचा पत्ता.

मला हे उमगलं ते मामाच्या वाड्यात. मामा जुन्या नाशकात राहतो, सराफ बाजाराच्या मागे. शपथपत्रं, भाडेकरार टाइप करून देतो. सकाळी पक्षकार ओसरीवर बसलेला आणि प्रिंटर ऑफलाइन. वर माडीवर मामेभाऊ संध्याकाळी मित्रांबरोबर खेळतो, आणि बरोबर सव्वासातला त्याची गेम अडकायची. मामा म्हणायचा, “हा खेळतो म्हणून माझा प्रिंटर बंद पडतो.” पोरगा म्हणायचा, “ताई, बाबांचा प्रिंटरच सगळं नेट खातो.” बोलणं बंद व्हायची वेळ आली होती.

एका रविवारी मी गेले. वाड्याच्या भिंती दीड हात जाड. माडीवर पाच गिगाहर्ट्‌झचं वायफाय पोचतच नव्हतं, आणि लांब पोचणाऱ्या दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झच्या वायफायवर शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची गर्दी. म्हणून माजघरातून जिन्याच्या कडेने कॅट सिक्स केबल, म्हणजे नेटवर्कची तार, ओढली, अठरा मीटर भरली. शंभर मीटरपर्यंत ही केबल बिनघोर चालते. आतल्या आठ बारीक तारांचा रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवायचा. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आठांपैकी एक जरी नीट बसली नाही, तर गिगाबिटचा, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिटचा, वेग मिळत नाही.

इथे एक बोलतेच. गंगापूर रोडला, इंदिरानगरला नवे फ्लॅट होतात, भिंतीत टीव्हीचा पॉइंट देतात, पण नेटवर्कच्या तारेसाठी एक रिकामा पाइप टाकत नाहीत. बांधताना किरकोळ खर्च असतो, नंतर भिंत फोडावी लागते. घर बुक करताना हे हट्टाने मागा.

तर, तार लागली. तरी सव्वासातला गेम अडकलीच! मग मी कॉम्प्युटरवर दोन काळ्या खिडक्या उघडून पिंग लावून बसले. पिंग म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. एक राउटरपर्यंतचं, एक बाहेरचं. राउटरपर्यंत एक मिलिसेकंद, म्हणजे घरातली तार चोख. बाहेरचं अठ्ठावीस, एकतीस, एकोणतीस... आणि एकदम चारशे. नेमकी त्याच वेळी दिंडी दरवाजाची कडी वाजली. मामी रामकुंडावरची आरती करून आली होती. तिचा फोन वायफायला जोडला गेला आणि आरतीचे व्हिडिओ बॅकअपला चढायला लागले. नेटची वर पाठवायची वाट अरुंद, ती तुंबली की गेमचे इवलेसे निरोप मागे रांगेत अडकतात. गेमला फार नेट लागत नाही, वेळेवर लागतं. मामी कावरीबावरी झाली, “अगं, माझ्यामुळे होत होतं हे?” आता राउटरमध्ये तिच्या फोनच्या अपलोडला मर्यादा घातली आहे आणि बॅकअप ती रात्री झोपताना लावते.

राहिला प्रिंटर. लाइट जाऊन आली की राउटर बरेचदा सगळ्या यंत्रांना नव्याने पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे नंबर, वाटतो. काल प्रिंटरचा 192.168.1.5 होता, आज तो टीव्हीला गेला, प्रिंटर नऊवर. कॉम्प्युटर मात्र कागद पाचवरच धाडतोय. वाड्यात भाडेकरूने खोली बदलली आणि पोस्टमन जुन्याच दारी पत्र टाकतोय, तसं. उपाय सोपा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा, प्रिंटरचा मॅक नंबर, म्हणजे त्या यंत्राचा ओळखक्रमांक, भरा आणि पाच नंबर त्याच्याच नावे बांधून टाका. कायमचा पत्ता! सोमवारी सकाळी मामाने तेरा पानांचा भाडेकरार काढला आणि मला फोनवर कागद सरकतानाचा आवाज ऐकवला.

आता भराभर. प्रिंटर एका कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडून शेअर केलात, तर तो कॉम्प्युटर सतत चालू लागतो. त्यापेक्षा थेट राउटरला जोडा. दोन भावंडांना घरातल्या घरात एकमेकांशी खेळायचं असेल, तर दोन्ही विंडोजमध्ये नेटवर्क ‘प्रायव्हेट’ ठेवा. गेममध्ये लॅनची, म्हणजे घरातल्याच नेटवर्कवर खेळायची, सोय असेल तर इंटरनेट बंद असलं तरी खेळता येतं. आणि पाहुण्याला गेस्ट वायफाय दिलंत, तर त्याच्या फोनवर प्रिंटर सहसा दिसणार नाही. तो बिघाड नाही, ती सोय आहे. त्याचा कागद तुमच्याच कॉम्प्युटरवरून काढून द्या.

नमस्कार.