दोन आठवड्यांचा स्ट्रायकर

नमस्कार, श्रोतेहो.

इंग्लंडचा फुटबॉल म्हटला की आपल्याकडे गप्पा लिव्हरपूल, आर्सेनल, चेल्सी आणि मँचेस्टरच्या दोन क्लबांपाशीच थांबतात. आज मला तुम्हाला त्याच्या बऱ्याच खाली न्यायचंय. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये एकूण ९२ क्लब आहेत. वर २०, त्याखाली २४-२४चे तीन विभाग, आणि त्याच्याही खाली कितीतरी पायऱ्या. या तळाकडच्या विभागांतला स्ट्रायकर, म्हणजे गोल करण्याची जबाबदारी असलेला आघाडीचा खेळाडू, हा कायम करार शोधणारा माणूस. एका हंगामाचा करार मिळाला तरी नशीब. गोल आटले की दुसरं गाव, दुसरा क्लब, पुन्हा भाड्याची खोली.

अशाच एका स्ट्रायकरची गोष्ट सांगतो. नाव रॉय एसँडो. जन्म १९७६चा, बेलफास्टचा. बालपण गेलं घानात. स्कॉटलंडमध्ये मदरवेल, मग ईस्ट फाइफ, तिथून फिनलंडमधलं वासा, मग इंग्लंडमध्ये रशडेन अँड डायमंड्स. कुठेच जम बसला नाही. २००१ साली, पंचविशीत, तो पुन्हा क्लबच्या शोधात होता.

त्याच वेळी विकम वाँडरर्स हा क्लब स्ट्रायकर शोधत होता. हाय विकम हे बकिंगहॅमशर परगण्यातलं खुर्च्या बनवणाऱ्या सुतारांचं गाव, म्हणून या संघाला 'चेअरबॉइज' म्हणतात. क्लब तिसऱ्या पातळीवरचा. पण त्या वर्षी एफए कपमध्ये, म्हणजे लहानमोठे सगळे क्लब खेळतात त्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, त्यांनी वुल्व्ह्जना हरवलं, विम्बल्डनला पेनल्टींवर हरवलं, आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. समोर कोण? लेस्टर सिटी, प्रीमियर लीगमधला, म्हणजे सगळ्यात वरच्या विभागातला संघ.

इथे एक मनातलं बोलतो. विम्बल्डनविरुद्ध पहिला सामना बरोबरीत सुटला आणि पुन्हा खेळवला गेला, तेव्हा विकम पुढे गेलं. पुनर्सामन्याची ही प्रथा २०२४-२५पासून मुख्य फेऱ्यांमधून काढून टाकली. मोठ्या क्लबांचं वेळापत्रक भरगच्च आहे, हे मान्य. पण छोट्या क्लबाला त्या जादा सामन्याच्या तिकिटांवर कित्येक महिने पगार भागवता यायचे. हा निर्णय मला मुळीच पटलेला नाही.

असो. विकमचे व्यवस्थापक होते लॉरी सांचेझ, आणि त्यांचे स्ट्रायकर एकामागून एक जखमी झाले होते. नवा माणूस घ्यावा तर तेव्हाचा नियम आडवा येत होता: त्या हंगामात जो दुसऱ्या क्लबाकडून एफए कप खेळला, त्याला पुन्हा खेळता येत नसे. म्हणजे रिकामा हवा, धडधाकट हवा, आणि त्या हंगामात एफए कप न खेळलेला हवा. फोन करून करून सांचेझ थकले. शेवटी क्लबच्या वेबसाइटवर चक्क जाहिरात टाकली: स्ट्रायकर पाहिजे! ती बातमी टीव्हीच्या पडद्यावर अक्षरांत झळकणाऱ्या बातम्यांमध्ये आली. एसँडोच्या एजंटाने ती वाचली आणि फोन लावला.

करार झाला. किती दिवसांचा? दोन आठवड्यांचा. लक्षात ठेवा, श्रोतेहो, दोन आठवड्यांचा.

१० मार्च २००१. लेस्टरचं जुनं मैदान, फिल्बर्ट स्ट्रीट. उत्तरार्धात विकमच्या पॉल मॅकार्थीने गोल केला. एक-शून्य! मग लेस्टरच्या मझी इझेटने बरोबरी साधली. एक-एक. एसँडो बदली खेळाडू म्हणून मैदानात आलेला. तेवढ्यात लेस्टरच्या खेळाडूच्या हाताला चेंडू लागला, असं विकमचं म्हणणं. पेनल्टी नाही मिळाली. सांचेझ भडकले, पंचांवर धावून ओरडले, आणि पंचांनी त्यांनाच बाहेर काढलं. आता ते स्टँडखालच्या बोळात, एका छोट्या टीव्हीसमोर उभे.

घड्याळात नव्वद मिनिटं झाली. जादा वेळेची मिनिटं चालू. चेंडू गोलसमोर उंच आला, एसँडो उडाला, आणि डोक्याने चेंडू जाळ्यात! दोन-एक. मैदानाच्या कोपऱ्यात विकमचे लोक वेडे झाले, आणि खाली बोळात सांचेझ त्या टीव्हीसमोर हात उंचावून नाचत होते. जाहिरातीतून आलेल्या, दोन आठवड्यांच्या करारावरच्या माणसाने प्रीमियर लीगच्या संघाला त्यांच्याच घरात हरवलं होतं. ही गोष्ट मी कितीही वेळा सांगितली तरी या जागी माझा आवाज चढतोच.

आणखी एक धागा बघा. विकमला १९९३ साली पहिल्यांदा फुटबॉल लीगमध्ये आणणारे मार्टिन ओनील पुढे लेस्टरचे व्यवस्थापक झाले, आणि लेस्टरचे ते वैभवाचे दिवस त्यांचेच. या सामन्याच्या आदल्या वर्षीच ते स्कॉटलंडला, सेल्टिककडे गेले होते.

उपांत्य फेरी ८ एप्रिलला, व्हिला पार्कवर, लिव्हरपूलशी. १९८८च्या अंतिम सामन्यात विम्बल्डनकडून याच लिव्हरपूलविरुद्ध विजयी गोल मारणारे हेच सांचेझ. विकमने ७८व्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य धरून ठेवलं. मग लिव्हरपूलच्या हेस्कीने गोल केला, मग फाउलरने. शेवटी शेवटी विकमच्या कीथ रायनने एक फेडला; सामना दोन-एकने गेला. लिव्हरपूलने त्या वर्षी कप जिंकला.

आणि एसँडो? हंगाम संपला, विकमने त्याला सोडलं. मग बार्नेट, केंब्रिज सिटी, बिशप्स स्टॉर्टफर्ड. लीगबाहेरचे, लहान मैदानांचे क्लब. त्या एका दिवसाबद्दल त्याला लोक आजही विचारतात. माझं स्पष्ट मत आहे, नुसत्या गोलांच्या आकड्यांवर स्ट्रायकर मोजणाऱ्यांनी ही कारकीर्द एकदा नीट पाहावी. फिनलंडच्या थंडीत, स्कॉटलंडच्या खालच्या विभागात सराव चालू ठेवला, म्हणून तर तो त्या मार्च महिन्यात धडधाकट होता. फोन आला तेव्हा त्याला फक्त बूट पिशवीत टाकायचे होते.

नमस्कार.