ऑक्टोबरचं फूल

(पहाट. दादरची फूल मंडई. टेम्पोतून गोणी उतरताहेत.)

आज खंडेनवमी, उद्या दसरा. या सगळ्या गोणी झेंडूच्या.

जन्ममहिन्याला एकेक फूल नेमून ते भेट द्यायची पाश्चात्त्य रीत आहे. त्यांच्या यादीत ऑक्टोबरला मॅरीगोल्ड येतं. युरोपचं जुनं मॅरीगोल्ड, मेरीचं सोनं, म्हणजे कॅलेंडुला, झेंडूहून वेगळं फूल. १८८४ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘फुलांच्या भाषे’च्या एका सचित्र पुस्तकात त्याच्यापुढे अर्थ दिलाय: शोक. पुढे तेच नाव झेंडूलाही चिकटलं.

आपला झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला गेलेली माणसं घरी येतात, अशी श्रद्धा. त्यांना वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या अंथरतात. तोच झेंडू आपल्याकडे दारावर चढला.

(पुरंदर तालुका. झेंडूचं शेत, सकाळ.)

श्रावणाच्या तोंडाशी इथे लागण झाली. रोपं जोमात आली आणि महिन्याभरात शेंडे खुडले. चांगलं वाढतं रोप खुडताना नवख्याचा हात थबकतो. पण शेंडा गेला की बगलेतून फुटवे येतात, आणि जितके फुटवे तितक्या कळ्या. लागणीपासून दोन-सव्वादोन महिन्यांत पहिला तोडा. तोडणी ऊन चढायच्या आत उरकायची, नाहीतर मंडईत पोहोचेपर्यंत फूल मलूल होतं. या ताईंची बोटं बघा. देठ नखाने तुटतो, फूल ओटीत पडतं, तोवर नजर पुढच्या झाडावर. त्या बोटांचा कडवट, हिरवा वास दिवसभर जात नाही.

आता एक फूल उकलून बघू. पाकळी ओढली की तिच्या बुडाशी बारीक काडी दिसते. फूल वाळलं की तीच काळी बी होते. म्हणजे ही प्रत्येक पाकळी स्वतंत्र फूल आहे. एक झेंडू हातावर ठेवला तरी ओंजळभर फुलं दिलेली असतात.

शेजारी टोमॅटो आहे. झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतल्या सूत्रकृमींना, म्हणजे मुळांना लागणाऱ्या बारीक कृमींना, आळा बसतो, म्हणून त्याच्या दोन ओळी इथे मुद्दाम लावल्यात.

ऐन तोडणीत पाऊस आला की फुलं काळवंडतात, भाव पडतो, माल रस्त्याकडेला टाकून परतावं लागतं.

(रस्त्याकडेला ओतलेली फुलं. निवेदन नाही.)

(पुन्हा दादर. पदपथ.)

आजींनी दाभणात दोरा ओवलाय. दोन फुलं, आंब्याचं पान, भाताची लोंबी, पुन्हा दोन फुलं. समोर टॅक्सीला माळ चढतेय. पलीकडे शिंप्याच्या मशीनला, लोहाराच्या ऐरणीला. ज्यावर पोट चालतं त्याला आज झेंडू वाहायचा. ऑक्टोबरच्या फुलाचा हा अर्थ मला शोकापेक्षा खरा वाटतो. या महिन्यात जन्मलेल्या आपल्या माणसाला गुलाबाऐवजी हातभर झेंडूची माळ द्यावी, ती त्याच्या कामाच्या जागी लावावी.

आजींनी गाठ मारली, दोरा दाताने तोडला. तोरण गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेलं. दाभणात पुन्हा दोरा.