एसएसबीची पाठांतरं आणि खडकवासल्याची तीन वर्षं

मुलांनो, आणि खास करून पालकांनो, एनडीए, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणारी नॅशनल डिफेन्स अकॅडमी म्हटलं की पहिला प्रश्न येतो, क्लास कुठला लावू? लेखी परीक्षा ९०० मार्कांची, त्यात गणित ३०० आणि जनरल अ‍ॅबिलिटी ६००, त्यासाठी लावा की क्लास. पण पुढचे ९०० मार्क एसएसबीचे, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या मुलाखतीचे आहेत, आणि तिथे पाच दिवस माणूस बघतात हो, वही नाही बघत.

एक चित्र ३० सेकंद दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. मग ६० शब्द, एकेका शब्दावर १५ सेकंदांत वाक्य लिहायचं. आता मुलं काय करतात, तर वाक्यं घोकून जातात, आणि थोड्याच वेळात घोकलेलं संपतं आणि मग पोरगं जसं आहे तसं कागदावर उतरायला लागतं. टेस्ट त्यासाठीच ठेवलीय. पुढे ग्राउंडवर फळी, दोरी, बल्ली म्हणजे लाकडी ओंडका देतात आणि अख्ख्या ग्रुपला अडथळा पार करायला सांगतात. तिथे जोरात ओरडणारा म्हणजे लीडर असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, ते काढून टाका. दुसऱ्याची आयडिया चांगली असेल तर ती उचलून धरणारा, मागे राहिलेल्याला हात देणारा, हाही तिथे नजरेत भरतो.

निवड झाली की पुण्याजवळ खडकवासल्याची एनडीए, तीन वर्षं, सहा टर्म. पीटी, ड्रिल, पोहणं, घोडेस्वारी, आणि त्यात जेएनयूच्या डिग्रीचा अभ्यासही, कारण सीमेवर काय चाललंय, समुद्रात कोणाची जहाजं फिरतायत हे ज्याला समजून घ्यायचंच नाही तो पुढे कसले निर्णय घेणार? लोकांना वाटतं शारीरिक कष्ट हाच सगळा अवघड भाग. कष्ट आहेतच, कॅडेट त्याला रगडा म्हणतात, आणि एकाच्या चुकीचा रगडा कधी सगळ्या कोर्सला, म्हणजे अख्ख्या बॅचला बसतो. घरी एकुलता एक वाढलेल्या मुलाला हे आधी अन्यायच वाटतं. पण क्रॉस कंट्रीच्या लांब शर्यतीत स्क्वाड्रनची, म्हणजे एकत्र राहणाऱ्या तुकडीची पोरं मागे पडलेल्याला ओढत नेतात ना, तेव्हा कळतं की आपण एकटे पुढे पोचून भागत नाही. माझ्या मते ट्रेनिंगचा गाभा हाच आहे.

अजून एक, जे मला फार मोलाचं वाटतं. आर्मी, नेव्ही, एअर फोर्सचे कॅडेट इथे एकाच स्क्वाड्रनमध्ये राहतात. ही सुरुवात १९४९ ला डेहराडूनला झाली, १९५५ पासून खडकवासल्याला. आपल्याकडे तिन्ही दलांचा समन्वय बघणारे पहिले सीडीएस, म्हणजे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, रुजू झाले २०२० मध्ये, आणि तिन्ही दलांनी एकत्र लढायचं म्हणून आता एवढी चर्चा चाललीय, पण त्यासाठी लागणारी ओळख आणि भरवसा अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी एका मेसमध्ये जेवताना तयार होतो, नंतर फाइलीतून नाही होत. आणि मुलींनो, २०२१ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर दार तुमच्यासाठीही उघडलंय, २०२२ ला पहिली बॅच आत गेली आणि मे २०२५ मध्ये १७ जणी पास आउट झाल्या. त्यामुळे घरी कोणी "हे मुलींचं काम नाही" म्हटलं तर हा आकडा सांगा.

इथून पुढे आपापल्या दलाच्या अकॅडमीत, आर्मीवाले डेहराडूनला, नेव्हीवाले केरळातल्या एळिमलाला, एअर फोर्सवाले हैदराबादजवळच्या डुंडिगलला जातात. मग बावीस-तेवीस वर्षांचा लेफ्टनंट युनिटमध्ये पोचतो आणि त्याच्या हाताखाली असतात वीस-बावीस वर्षं नोकरी झालेले सुभेदार साहेब. हुकूम याने द्यायचा, पण अनुभव त्यांच्याकडे. जो त्यांना विचारतो, ऐकतो, आणि मग निर्णयाची जबाबदारी स्वतःवर घेतो, त्याच्यामागे जवान जातात. केरळचा ऑफिसर मराठा लाइट इन्फंट्रीत आला तर तो मराठी शिकतो, कारण जवानाच्या घरची अडचण, रजेचं कारण, शेतीचा वाद हे सगळं त्याला जवानाच्याच भाषेत ऐकून घ्यावं लागतं.